पगाराने क्लब बुडतात म्हणे! रग्बीच्या इतिहासाबद्दलच्या एका लाडक्या गैरसमजाला उत्तर

जून 2025 मध्ये मुंबईत, अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली. ती सात-सात खेळाडूंची स्पर्धा होती. पंधरा जणांच्या रग्बी युनियनचा तिच्याशी संबंध चुलत भावाइतकाच. पण तेव्हापासून रग्बीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. त्याचा गोषवारा असा: “रग्बी युनियन शंभर वर्षं निर्मळ हौशी खेळ होता. 1995 साली टीव्हीवाल्यांनी तो एका रात्रीत विकत घेतला. पैसा आल्यावर छोट्या गावांचे क्लब संपले, धनाढ्यांचे उरले. खेळाडूंच्या पगारांनी क्लब कंगाल झाले. इंग्लंडमध्ये एका वर्षात तीन ऐतिहासिक क्लब बुडाले, आणखी काय पुरावा हवा?”

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि पहिलं तर अन्यायकारक आहे. म्हणून त्यावर जरा जास्त थांबतो.

मराठीत ‘हौशी’ हा प्रेमाचा शब्द आहे. हौशी रंगभूमी म्हटलं की दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला जाणारी माणसं डोळ्यांसमोर येतात. विलायतेतल्या रग्बीचा ‘हौशी’ नियम वेगळ्या जातीचा होता. उत्तर इंग्लंडमध्ये, यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये, खेळणारे बहुतेक जण गिरणीत, खाणीत, गोदीत राबणारे. शनिवारी अर्धा दिवस कामाचाच असे. लांबच्या सामन्याला जायचं तर खाडा पडायचा आणि मजुरी कापली जायची. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला खाड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. उत्तरेच्या क्लबांचं मागणं एवढंच होतं की बुडालेल्या मजुरीची भरपाई करू द्या. पगार नको, बक्षीस नको. 1893 साली यॉर्कशायरने हा ठराव इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या लंडनमधल्या सभेत मांडला आणि तो 282 विरुद्ध 136 मतांनी फेटाळला गेला. दोन वर्षांनी, 29 ऑगस्ट 1895 रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि त्यांनी आपली वेगळी नॉर्दर्न युनियन काढली. खाड्याची भरपाई ठरली दिवसाला सहा शिलिंग. आजची तेरा खेळाडूंची रग्बी लीग त्यातूनच जन्मली.

म्हणजे ज्याला निर्मळपणा म्हणून मिरवलं जातं, ती एक चाळणी होती. ज्याच्या घरी बापाचा पैसा त्याला खेळणं परवडे, ज्याचं पोट हातावर त्याला नाही. आणि ही चाळणी पुढची शंभर वर्षं कठोरपणे वापरली गेली. युनियन सोडून लीगमध्ये पैसे घेऊन गेलेल्या माणसाला युनियनची दारं जन्मभरासाठी बंद व्हायची. वेल्सचा जोनाथन डेव्हिस 1989 साली विडनेस या लीगच्या क्लबात गेला, तो कार्डिफकडून पुन्हा युनियन खेळू शकला 1995 मध्ये, नियम बदलल्यावर. बिल ब्यूमाँट हा इंग्लंडचा कप्तान, गॅरेथ एडवर्ड्स हा वेल्सचा लाडका खेळाडू. दोघांनी निवृत्तीनंतर आत्मचरित्राचे पैसे स्वतःकडे ठेवले, म्हणून दोघांवर ‘व्यावसायिक’ असा शिक्का बसला आणि खेळात कसलंही काम करायला बंदी आली. हेच ब्यूमाँट पुढे जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले.

आणि पैसा नव्हता म्हणता? 1888 साली ब्रिटिश बेटांचा पहिला संघ ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा हॅलिफॅक्सच्या जॅक क्लोजने तयारीसाठी 15 पौंड घेतल्याचं उघड झालं. त्याला व्यावसायिक ठरवलं गेलं. तो जहाजातून गेला, पण सामना एकही खेळला नाही. फ्रान्समधली गोष्ट तर मला फार आवडते. पिरेनीजच्या पायथ्याशी कियाँ नावाचं तीन-एक हजार वस्तीचं गाव. तिथे झाँ बूरेल यांचा टोप्यांचा कारखाना होता. त्यांनी दुसऱ्या क्लबांचे, विशेषतः पेर्पिन्याँचे खेळाडू आणून कारखान्यात नोकरीला लावले. हे गाव 1928, 1929 आणि 1930 अशा सलग तीन वर्षी फ्रान्सच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत पोचलं आणि 1929 साली जिंकलंही. नोकरी कागदावर टोपीची, काम मैदानावरचं. असे व्यवहार इतके बोकाळले, मैदानावरची मारामारी इतकी वाढली की 1931 मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडच्या संघटनांनी फ्रान्सशी संबंधच तोडले. फ्रान्स पाच राष्ट्रांच्या स्पर्धेत परतला थेट 1947 साली. पुढे ऐंशीच्या दशकात इटलीत सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांच्या उद्योगसमूहाने मिलानचा क्लब घेतला. क्लबाचं नाव होतं अमातोरी, म्हणजे शब्दशः ‘हौशी’.

तेव्हा 1995 च्या आधी पैसा होताच. तो टेबलाखालून फिरे आणि हिशेबात दिसत नसे, एवढाच फरक.

आता ‘एका रात्रीत टीव्हीवाल्यांनी विकत घेतला’ या दाव्याकडे. यात अर्धं सत्य आहे. जून 1995 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या तीन संघटनांनी माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीशी दहा वर्षांसाठी 55 कोटी डॉलरचा करार जाहीर केला. त्याच वेळी ऑस्ट्रेलियातले टीव्हीमालक केरी पॅकर यांच्या पाठबळाने दुसरा एक गट जगभरातल्या खेळाडूंच्या सह्या गोळा करत होता. नावाजलेल्या खेळाडूंनी सह्या केल्याही होत्या. म्हणजे खेळाडू विकला गेला नव्हता, त्याच्याकडे पहिल्यांदाच दोन दारं होती. तो निघून जाईल या भीतीनेच संघटना हलल्या. ऑगस्टमध्ये पॅरिसच्या बैठकीनंतर आंतरराष्ट्रीय मंडळाचे अध्यक्ष व्हर्नन प्यू यांनी खेळ खुला झाल्याचं जाहीर केलं. दार उघडलं एका दिवशी हे खरं, पण ते शंभर वर्षं आतून ढकललं जात होतं.

पुढचं सगळं कळायला एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, जी त्या मजकुरात नावालाही नाही. ती म्हणजे दार उघडल्यावर कोणी काय केलं. न्यूझीलंड आणि आयर्लंडमध्ये खेळाडूंचे करार राष्ट्रीय संघटनेने आपल्या हाती घेतले. इंग्लंडच्या संघटनेने मात्र वर्षभर थांबायचं ठरवलं. त्या मोकळ्या वर्षात धनवान मंडळी आत शिरली. न्यूकॅसलचा क्लब सर जॉन हॉल यांनी घेतला, सारासेन्स नायजेल रे यांनी, रिचमंड अ‍ॅशली लेव्हेट यांनी. न्यूकॅसल तर 1998 साली थेट इंग्लंडमधल्या युनियनच्या वरच्या लीगचा विजेता झाला. संघटना भानावर आली तोवर खेळाडूंचे करार क्लबमालकांच्या कपाटात होते. इंग्लंडच्या दुखण्याचं मूळ मला इथे दिसतं, पगाराच्या पाकिटात नाही.

‘छोटी गावं संपली’ हा दावा फ्रान्सचा नकाशा समोर ठेवून कोणी केला नसणार. कास्त्र हे चाळीस-पंचेचाळीस हजार वस्तीचं गाव. व्यावसायिक युगात, 2013 आणि 2018 साली, पॅरिस, तुलूझसारख्या शहरांच्या क्लबांना मागे टाकून ते फ्रान्सचं विजेतं झालं. क्लबाचे आश्रयदाते, औषध उद्योजक पिएर फाब्र, 2013 च्या विजेतेपदानंतर काही आठवड्यांतच वारले. क्लब वारला नाही, पाच वर्षांनी पुन्हा जिंकला. ला रोशेल हे अटलांटिक किनाऱ्यावरचं मध्यम बंदर, 2022 आणि 2023 असं लागोपाठ दोनदा युरोपचं विजेतं झालं. फ्रान्समध्ये क्लबांची वही दरवर्षी तपासणारी यंत्रणा आहे आणि ती शोभेची नाही. 2010 साली मोंतोबाँचा ताळेबंद जुळेना, तेव्हा त्या क्लबाला वरच्या लीगमधून थेट हौशी पातळीवर ढकललं गेलं. मोंतोबाँ पंधरा वर्षं खालून चढत राहिला आणि 2025 साली पुन्हा वरच्या लीगमध्ये आला.

आयर्लंडमधलं कॉनॉट तर या दाव्याला एकटंच पुरेसं उत्तर आहे. पश्चिम आयर्लंडचा हा गरीब, विरळ वस्तीचा प्रांत. 2003 साली खर्च झेपत नाही म्हणून आयरिश संघटना हा व्यावसायिक संघच बंद करायला निघाली होती. गॉलवेकडची माणसं डब्लिनला आली, संघटनेच्या कार्यालयावर मोर्चा नेला, संघ वाचवला. तेरा वर्षांनी, 2016 मध्ये, एडिनबरोच्या मरेफील्ड मैदानावर कॉनॉटने श्रीमंत शेजारी लेन्स्टरला 20-10 असं हरवून अनेक देशांच्या संघांची लीग जिंकली. तो सामना आठवला की आजही मला भरून येतं.

या मुद्द्यावर एक कबुली द्यायलाच हवी. वेल्समध्ये जखम खरी आहे. 2003 साली नऊ मोठ्या क्लबांच्या जागी पाच प्रादेशिक संघ आणले गेले. त्यातला केल्टिक वॉरियर्स, खाणींच्या खोऱ्यांचा संघ, एकाच हंगामात गुंडाळला गेला. पाँटिप्रिडसारख्या गावाचं वरच्या रग्बीशी असलेलं नातं तुटलं ते आजतागायत पुरतं जुळलेलं नाही. व्यावसायिकतेच्या नावाखाली काहीच हरवलं नाही, असं मी म्हणणार नाही.

आता ते तीन क्लब. वूस्टर सप्टेंबर 2022 मध्ये कोलमडला, वॉस्प्स ऑक्टोबरमध्ये, लंडन आयरिश जून 2023 मध्ये लीगबाहेर गेला. ‘पगारांनी बुडाले’ हे ऐकायला सोपं आहे. पण इंग्लंडच्या लीगमध्ये पगारांवर एकूण मर्यादा आहे आणि कोविडनंतर, म्हणजे बुडण्याच्या आधीच, ती 64 लाख पौंडांवरून 50 लाखांवर आणली गेली होती. मग वॉस्प्सचं काय झालं? 1867 साली स्थापन झालेला लंडनचा क्लब, दोनदा युरोपविजेता. 2014 साली तो आपलं घर सोडून शंभर किलोमीटरहून दूर कॉव्हेंट्रीला गेला आणि तिथलं अवाढव्य स्टेडियम विकत घेतलं. त्या व्यवहाराच्या आधारावर 2015 मध्ये साडेतीन कोटी पौंडांचे रोखे काढले, साध्या चाहत्यांनीही ते घेतले. ते फेडायची मुदत होती मे 2022. मधल्या काळात कोविडने मैदानं रिकामी झाली, सरकारी कर्जाची भर पडली. मुदत आली, पैसे नव्हते. वूस्टरच्या मागे करखात्याचा तगादा होता. शिवाय इंग्लंडच्या क्लबांनी मिळून 2018 च्या अखेरीस लीगचा 27 टक्के हिस्सा एका गुंतवणूक कंपनीला 20 कोटींहून अधिक पौंडांना देऊन टाकला होता. हातात रोकड आली, पण पुढच्या प्रत्येक वर्षाच्या उत्पन्नातला चौथा वाटा कायमचा गेला. शेत विकून लग्न करण्यासारखंच ते.

हे सगळं सोडून आठवड्याला खांदे-मान मोडून घेणाऱ्या पोराच्या पगारावर बोट ठेवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. पगार कोणी बुडवले असतील तर याच क्लबांनी. वूस्टर आणि वॉस्प्सच्या खेळाडूंना, माळ्यांना, कार्यालयातल्या माणसांना अचानक कळलं की नोकरी संपली.

त्याच लीगमध्ये एक्सेटर होता. 1871 चा जुना, परगण्याचा क्लब, सभासदांच्या मालकीचा. 2010 साली वर आला, 2017 मध्ये विजेता झाला, 2020 मध्ये लीग आणि युरोप दोन्ही जिंकला. कोविडनंतर त्याचीही ओढाताण झाली, पण तो उभा राहिला. पगार तिथेही दिले जात होते.

आणि बुडणं म्हणजे शेवट, हेही त्या मजकुरानेच ठरवलं आहे. 1999 साली लेव्हेट यांनी हात काढून घेतला आणि रिचमंड कोसळला. त्याच वेळी लंडन स्कॉटिशही गेला. दोघांचे व्यावसायिक संघ लंडन आयरिशमध्ये विलीन केले गेले. दोन्ही क्लबांच्या सभासदांनी मात्र आपापल्या जर्सी उचलल्या आणि लीगच्या अगदी तळातून, गल्लीतल्या संघांबरोबर, पुन्हा सुरुवात केली. लंडन स्कॉटिश 2011 साली दुसऱ्या पातळीपर्यंत चढला, रिचमंड 2016 साली. वूस्टरही 2025-26 च्या हंगामात त्याच पातळीवर परतला आहे, सिक्सवेज या आपल्या जुन्याच मैदानावर.