तारा सोडल्याने गिटार वाचत नाही

“विमानात गिटार सामानात द्यायची तर तारा पूर्ण सोडा, हार्ड केसमध्ये ठेवा, वर ‘फ्रॅजाइल’ लावा. नाहीतर वर हवेचा दाब कमी होऊन नेक (गिटारची लांब मान) मोडते.” हा सल्ला सगळीकडे फिरतोय. यात मोडण्याचं कारणच चुकीचं दिलंय, म्हणून खरी काळजी घ्यायची राहून जाते.

आधी दाबाचं. प्रवासी विमानात सामानाच्या कप्प्यातही केबिनइतकाच दाब असतो. शिवाय साउंडहोल (बॉडीवरचं भोक) उघडं, त्यामुळे गिटारच्या आत-बाहेर दाब सारखाच.

नेक मोडते ती केस आपटल्याने. बॉडी केसला टेकून थांबते, हेडस्टॉक (नेकच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) मात्र अधांतरी. खुंट्यांच्या वजनासकट तो झटका खातो आणि नटजवळच (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीजवळ) तडकतो. मागे कललेल्या हेडस्टॉकमध्ये तिथे लाकडाचे रेषे तिरके कापलेले असतात; ट्रस रॉडसाठी (नेकच्या आतल्या धातूच्या सळईसाठी) तिथेच खाच असेल तर ती जागा आणखी नाजूक. म्हणून हेडस्टॉकच्या खाली, वर आणि दोन्ही बाजूंना टी-शर्टच्या घड्या बसवा. झाकण सहज लागलं पाहिजे. दाबून लावावं लागलं तर भरण जास्त झालंय. मग केस उभी धरून हलवा. आत ठक् लागलं तर अजून जागा शिल्लक आहे. कॅपो, ट्यूनर अशा सुट्या वस्तू बाहेर काढा.

बुडाचं स्ट्रॅप बटण (पट्टा अडकवायचं) हमखास विसरलं जातं. केस बुडावर आपटली की ते खिळ्यासारखं आत घुसतं आणि टेल ब्लॉक (बुडाच्या आतला लाकडी ठोकळा) फाटतो. बटण स्क्रूचं असेल तर काढा. नसेल तर जाड फोमला भोक पाडून त्यात बटण बसवा, म्हणजे भार बटणाभोवती पसरतो.

आता तारा. १२-५३ च्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) स्टील तारांचा एकूण ताण ७० किलोंच्या वर असतो. केस तोंडावर पडली तर हा ओढा झटक्यात भर घालतो, म्हणून थोड्या उतरवणं योग्यच. दोन सेमीटोन (अर्धस्वर) उतरवल्या की ताण सुमारे २० टक्के घटतो, चार उतरवल्या की ३७ टक्के. एवढं पुरतं. आर्चटॉपच्या (फुगीर पृष्ठभागाच्या गिटारच्या) तारा पूर्ण सोडल्या तर नुसता टेकवलेला ब्रिज (तारांखालचा आधार) निसटून केसमध्ये आपटत राहतो.

‘फ्रॅजाइल’ लावा, पण सामानाच्या पट्ट्यावर त्याचा उपयोग नाही.

उतरल्यावर केस थंडगार लागली तर काही तास बंदच ठेवा. एकदम ऊब लागली की नायट्रोसेल्युलोज लॅकरला (काही गिटारवरच्या चकचकीत लेपाला) बारीक तडे जातात. केसवर ठोका दिसला तर मात्र विमानतळ सोडण्यापूर्वीच विमान कंपनीकडे लेखी नोंद करा. माँट्रियल करार (विमान कंपन्यांच्या जबाबदारीचा आंतरराष्ट्रीय करार) लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार द्यावी किंवा पाठवावी लागते.