बुवांच्या अर्ध्या गाण्याला शेवटचा अंतरा आपण जोडू नये

गावातला गाणारा माणूस गेला की वर्षाच्या आत कुणीतरी विषय काढतंच, "त्यांची राहिलेली गाणी काढू ना बाहेर." पुण्यस्मरणाच्या दिवशी प्रकाशन, यूट्यूबवर चॅनल, पाहुण्यांच्या हातात पेन ड्राइव्ह. यामागची माया खरी असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण असे अल्बम ऐकताना बऱ्याचदा गायकच शोधावा लागतो. की-बोर्डचा तयार ऱ्हिदम, आवाजावर इको, आणि अर्धं राहिलेलं पद दुसऱ्या कुणाकडून पूर्ण करून शेवटी गेलेल्या माणसाच्याच नावाची छाप. ही शेवटची गोष्ट मला अजिबात मान्य नाही आणि ही पोस्ट त्यासाठीच आहे.

आपल्याकडे पदाचा शेवटचा अंतरा म्हणजे कवीची सही. तुकडोजी महाराजांच्या भजनात "तुकड्यादास" येतं, वामनदादा कर्डकांच्या गाण्यात "वामन" येतं. आपल्या गावचे भजनी बुवा असोत, जलशातला कवी-गायक असो की दंडारीचा (विदर्भातल्या लोकनाट्याचा) शाहीर, बहुतेकांनी ही रीत पाळली आहे. मुखडा सुचतो, एक-दोन अंतरे होतात, चाल बसते, आणि नावाचा अंतरा बहुधा सगळ्यांत शेवटी. म्हणून मागे राहिलेल्या गाण्यात नेमका तोच नसतो. तो दुसऱ्याने लिहून त्यात त्यांचं नाव घालणं म्हणजे दुसऱ्याच्या कागदावर सही मारणं. मुलाने केलं तरी तेच, पट्टशिष्याने केलं तरी तेच.

मग करायचं काय? पहिलं काम कॅसेटचं.

कॅसेट हातात आली की लावून पाहू नका. आधी तिच्या वरच्या कडेच्या दोन छोट्या प्लास्टिकच्या पाकळ्या मोडा. त्या असतील तर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जातं आणि बुवांच्या आवाजावर घरातली बडबड भरली जाते. मग खिडकीतून रिळाकडे बघा. टिनाच्या घरात माळ्यावर उन्हाळे काढलेल्या कॅसेटचं कवच वाकलेलं असू शकतं. पावसाळ्यात ओल लागलेली असेल तर रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. ती बुरशी आहे. अशी कॅसेट वाजवली की बुरशी टेपच्या हेडला (रिळावरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) लागते आणि पुढच्या दहा कॅसेटमध्ये जाते. ती वेगळी ठेवा, जाणकाराकडूनच साफ करून घ्या. कवच वाकलं असेल तर स्क्रूची रिकामी कॅसेट घेऊन रीळ तिच्यात बदलता येतं. हेडसमोरची फेल्टची छोटी गादी निघाली असेल तर आवाज येतो-जातो; तीही दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवता येते.

ऑनलाइन मिळणारी स्वस्त यूएसबीची वॉकमनसारखी यंत्रं घेऊ नका. त्यांचा वेग डळमळतो आणि बरीचशी थेट एमपीथ्री, म्हणजे आवाजाचा काही भाग टाकून लहान केलेली फाइल, करून ठेवतात. जुना चांगला कॅसेट डेक शोधा, तालुक्याच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून बेल्ट बदलून घ्या, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसा. डेकवर डॉल्बीचं (खरखर कमी करणारं) बटण असेल तर ते बंद ठेवा. घरगुती टेपवर भरलेल्या कॅसेटला ते लावलं तर आवाज दबतो. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. कॅसेट ज्या टेपवर भरली त्याचा कोन वेगळा असेल तर सगळं गाणं कोंदट ऐकू येतं आणि लोक म्हणतात, कॅसेट गेली. ती गेलेली नसते. गाणं चालू ठेवून स्क्रू अगदी थोडा फिरवा. "स", "श" ही अक्षरं आणि खंजेरीच्या चकत्या जिथे सगळ्यांत स्वच्छ वाजतील तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावं लागतं.

कॉम्प्युटरमध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. सी-९० कॅसेटच्या दोन्ही बाजू मिळून साधारण दीड जीबी होतात, आजच्या काळात हे काहीच नाही. आवाजाची सर्वांत उंच टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये ठेवा. ही मूळ फाइल, तिच्यावर कधीही काम करायचं नाही; काम कॉपीवर. एक प्रत घरी हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे, तिसरी ऑनलाइन. पेन ड्राइव्ह वाटायला ठीक, साठवायला नाही.

आता वेगाचा प्रश्न, आणि इथेच सगळे फसतात. शेतात, देवळात, ओसरीवर टेप सेलवर चालायचा. सेल उतरले की टेप हळू फिरतो. तीच कॅसेट आज बरोबर वेगाच्या डेकवर लावली की गाणं जलद आणि वरच्या पट्टीत वाजतं. वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक म्हणजे अर्धा स्वर: काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. "तरुणपणी बुवांचा आवाज किती पातळ होता" असं कौतुक होतं, आणि तो फक्त उतरलेल्या सेलचा परिणाम असतो. ताडून बघायचं तर घरातली पेटी काढा. बुवा त्याच पेटीवर गायले असतील तर मोबाइलवरच्या ट्यूनरने तिची पट्टी मोजा आणि कॅसेटमधल्या पेटीशी जुळवा. जुनी पेटी थोडी उतरलेली असू शकते, तेवढी सूट धरा. टेप लाइटवर चालत असेल तर मागे बारीक घुमणारा आवाज असतो, तो ५० हर्ट्झच्या आसपास यायला हवा. ५३ ला दिसला तर कॅसेट जवळपास सहा टक्के जलद वाजते आहे. पूर्वी विजेची फ्रिक्वेन्सी बरीच वरखाली व्हायची, म्हणून एकट्या या खुणेवर विसंबू नका, पेटी आणि ही खूण दोन्ही जुळल्या तरच वेग बदला. आणि गाणं चालू असतानाच सेल उतरत गेले असतील तर पट्टी सुरुवातीला एक आणि शेवटाला दुसरी असते. तिथे एकच आकडा लावून चालत नाही, तुकड्या-तुकड्याने सुधारावं लागतं.

मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगची गत निराळी. जुन्या बटणाच्या फोनमधल्या एएमआर फाइलमध्ये ४ किलोहर्ट्झच्या वर काहीच नसतं; कोणतंही सॉफ्टवेअर ते परत आणत नाही, जे आणतं ते बनावट असतं. मूळ मेमरी कार्ड मागून घ्या. व्हॉट्सअॅपवर साधी ऑडिओ म्हणून फिरवू नका, पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉट्सअॅपच्या फाइलच्या नावात तारीख असते, पण ती पाठवल्याची किंवा मिळाल्याची असते. गाणं केव्हाचं ते त्यावरून ठरवू नका.

यानंतर एक वही करा. कॅसेट क्रमांक, बाजू, मिनिट-सेकंद, पहिली ओळ, कोणकोण वाजवतंय, आणि गाण्याच्या मधलं बोलणं. हे बोलणं लोक सर्रास कापून टाकतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा तोटा. "हा अंतरा मागून घेऊ", "इथं चाल बदलायची आहे", "हे कडवं नको" असं बुवा स्वतः बोललेले असतात. त्यांची इच्छा सांगणारा त्याहून पक्का पुरावा कुठला? सोबत गाण्याची वही असेल तर पानं ३०० डीपीआयला स्कॅन करा, खोडलेल्या ओळींसकट. एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या मिळाल्या तर आपल्याला आवडलेल्या ओळी दोन्हीकडून उचलून तिसरी बनवू नका. उशिराची घ्या, किंवा दोन्ही द्या.

खरखर काढताना हात आवरा. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन (खरखर कमी करणं) फुकट आहे म्हणून २०-२५ डेसिबल लावलं तर माणूस विहिरीत उभा राहून गातोय असं वाटतं. ६ ते ८ पुरे. खंजेरीच्या चकत्यांची छनछन आणि टेपची खरखर जवळपास एकाच भागात असतात; एक काढली की दुसरी मरते. मे महिन्यातल्या रेकॉर्डिंगमागे कूलरची घरघर असेल तर असू द्या.

एआयने आवाज वेगळा करण्याबद्दल हल्ली फार विचारतात. २०२३ साली बीटल्सचं शेवटचं गाणं आलं, त्यात दिवंगत जॉन लेननचा सत्तरच्या दशकातल्या घरगुती कॅसेटवरचा आवाज पियानोपासून याच तंत्राने सोडवला होता. पण ती कॅसेट त्याच्या पत्नीने स्वतः दिली होती, काम त्याच्याच साथीदारांनी केलं, आणि आवाज त्याचाच होता. आपल्याकडे अडचण वेगळी आहे. पेटी गळ्याच्या मागोमाग, त्याच सुरात, त्याच सप्तकात चालते. फुकटची सॉफ्टवेअर ड्रम, बास आणि गळा वेगळे करायला शिकवलेली. ती पेटीसोबत शब्दांची टोकंही कापतात, आणि मागे झील धरणाऱ्या मंडळींना तर गायकच समजतात. एखादं गाणं वाचवायला करून बघा, सरसकट नको. आणि नमुने देऊन बुवांच्या आवाजात नव्या ओळी म्हणवून घेणं? ते कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा.

नवी साथ द्यायचीच असेल तर गळ्याला ओढून-ताणून ठेक्यात बसवू नका. भजन संथ सुरू होतं आणि चढत जातं, ती चढण त्यांची आहे. ढोलकीवाल्याने हेडफोनवर त्यांना ऐकावं आणि त्यांच्या मागे जावं. पट्टी दोन स्वरांच्या मधे अडकली असेल तर नवी पेटी जुळणारच नाही. एकतारी किंवा तंबोरा लावा, तो कुठेही लावता येतो. शेवटी आवाज फार मोठा करून भरू नका. यूट्यूब सुमारे उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) वरचं स्वतःच खाली आणतं, तुमच्या पदरात फक्त फाटलेला आवाज उरतो.

कागदपत्रांचं थोडक्यात, पण गंभीरपणे घ्या. गीत आणि चाल यांचा कॉपीराइट कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने (बौद्ध कुटुंबांनाही तोच लागू आहे) पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, सगळ्यांचा समान वाटा. एकट्या थोरल्या मुलाच्या सहीने काम होत नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या सह्या घ्याच. कंपनीला हक्क द्यायचे तर लेखी, कोणती गाणी, किती वर्षं, कोणत्या प्रदेशासाठी, किती मानधन हे सगळं लिहून. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, म्हणून "सर्व हक्क कायमचे" असा छापील कागद पुढे आला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. कंपनीने पूर्वी काढलेल्या कॅसेटवरचं ध्वनिमुद्रण तुमचं नाही, घरचं तुमचं. चाल सिनेमाच्या गाण्यावरून घेतली असेल, आणि आपल्याकडे निम्मी तशीच असतात, तर यूट्यूबवर दावा येणार. अशा गाण्याचे शब्द पुस्तिकेत छापा. पेटी, ढोलकी, खंजेरी, झील, ज्यांची ज्यांची साथ टेपवर आहे त्यांची लेखी संमती घ्या आणि नावं छापा. उत्पन्न थोडं असेल, तरी त्यांचा वाटा आधीच ठरवा.

अल्बमची मांडणी अमेरिकेचा गायक जेफ बकली याच्या अल्बमसारखी करता येईल. तो १९९७ मध्ये बुडून गेला. पुढच्या वर्षी निघालेल्या संचात एका डिस्कवर स्टुडिओतलं काम होतं आणि दुसरीवर मुख्यतः घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर केलेलं कच्चं काम. तुम्हीही पहिल्या भागात पूर्ण गायलेली पदं द्या. दुसऱ्या भागात मुखडा आणि एखादाच अंतरा असलेली, जिथे थांबली तिथेच थांबवून. हळूहळू आवाज कमी करत संपवू नका, ऐकणाऱ्याला गाणं संपल्यासारखं वाटतं. नुसती गुणगुणलेली चाल असेल तर तीही ३०-४० सेकंद द्या. शीर्षकातच लिहा, "अपूर्ण, दोन अंतरे".

आणि शिष्यांना ते गाणं पुढे न्यायचं असेल तर जरूर न्यावं, आपली गाणी अशीच वाढत आली आहेत. वारसांची लेखी परवानगी घ्यावी, आपले अंतरे लिहावेत, शेवटच्या अंतऱ्यात स्वतःचं नाव घालावं आणि ते वेगळं गाणं म्हणून, मूळ तुकड्याच्या नंतर, स्वतःच्या आवाजात द्यावं.