ग्रँड कॅन्यनच्या जादा प्रवेश शुल्काबद्दल आलेल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

काका, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. एक स्टार द्यायचा तुमचा हक्क आहे, त्यावर वाद नाही. पण तुमचं लिहिणं वाचून पुढची मंडळी अमेरिकेची टूर ठरवणार, म्हणून फोन करण्याऐवजी इथंच, सगळ्यांसमोर उत्तर देतोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. टूरचे सगळे पैसे भरून झाल्यावर ग्रँड कॅन्यन आणि झायन या दोन नॅशनल पार्कांसाठी आम्ही माणशी २०० डॉलर वेगळे घेतले. तिकडं राहणारा तुमचा मुलगा सांगतो की गाडीला ३५ डॉलर तिकीट आहे. तुमचे व्याही दुसऱ्या कंपनीतून ग्रँड कॅन्यन बघून आले, त्यांना एक डॉलर जादा पडला नाही. म्हणजे मधले पैसे आम्ही खाल्ले. आणि शेवटी, परदेशी म्हणून जादा पैसे घेणं हा आपला अपमान आहे आणि तो आम्ही मुकाट्यानं गिळतो.

आधी पैशाचं बोलूया. ३५ डॉलर हे खाजगी गाडीचं नेहमीचं तिकीट, ते आजही आहे. त्याच्यावर १ जानेवारी २०२६ पासून नवा नियम लागला. अमेरिकेतल्या सगळ्यात गर्दीच्या नॅशनल पार्कांपैकी ११ पार्कांत, तिथं न राहणाऱ्या आणि वार्षिक पास नसलेल्या, १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक माणसाला १०० डॉलर जादा. ग्रँड कॅन्यन आणि झायन दोन्ही त्या अकरांत आहेत. यलोस्टोन, योसेमिटी, ब्राइस कॅन्यनही आहेत. हे तिथल्या सरकारनं जाहीर केलं २५ नोव्हेंबर २०२५ ला. आमचं दरपत्रक नवरात्रात छापून झालं होतं आणि तुमचं बुकिंग दिवाळीतलं. जो आकार तेव्हा अस्तित्वातच नव्हता, तो दरात कुठून धरणार?

बातमी पक्की झाल्यावर डिसेंबरात तुम्हाला पत्र दिलं, व्हॉट्सॲपवरही पाठवलं. बुकिंगच्या फॉर्मवर, तुमच्या सहीच्या वरच, मराठीत कलम आहे: व्हिसा, कर किंवा सरकारी प्रवेश शुल्क वाढलं तर जेवढा फरक तेवढाच प्रवाशानं भरायचा. तुमच्या पावतीवर लिहिलंय, ‘प्रौढ दोन, पार्क दोन, ४०० डॉलर, सेवा शुल्क नाही’. बारा वर्षांच्या नातवाचा एक रुपया घेतलेला नाही, कारण त्याला हा आकार लागतच नाही. खायचेच असते तर त्याचेही खाल्ले असते की. दोघांचे मिळून छत्तीस हजारांच्या वर गेले, ही रक्कम कोल्हापुरातल्या कुठल्याही घराला बोचणारीच आहे. तुमचा राग मला कळतो. पण त्यातला एक डॉलर शाहूपुरीतल्या या ऑफिसात राहिलेला नाही. कधीही या, कागद टेबलावर मांडतो.

२५० डॉलरचा वार्षिक पास का काढला नाही, असंही विचारलंत. तो पास खाजगी गाडीतल्या मंडळींना चालतो, भाड्याच्या टूर बसमधल्या सगळ्यांना एका पासवर आत सोडत नाहीत. प्रत्येकाला वेगळा काढला असता तर माणशी २०० च्या जागी २५० गेले असते. तिसरं पार्क असतं तर हिशोब उलटा झाला असता.

आता व्याह्यांचं. ते वेस्ट रिमला, म्हणजे दरीच्या पश्चिमेकडच्या कडेला, गेले होते. काचेचा पूल, स्कायवॉक म्हणतात तो, तिथंच आहे. ती जागा नॅशनल पार्कात येत नाही. ती वालापाय या आदिवासी समाजाची जमीन आहे, तिकीट त्यांचं आणि पैसेही त्यांच्याकडंच जातात. म्हणून १०० डॉलरचा प्रश्नच आला नाही. लास व्हेगासहून ते जवळही पडतं, एका दिवसात होतं. त्या कंपनीनं काही चुकीचं केलं नाही. पण आम्ही नेतो साऊथ रिमला, दक्षिणेकडच्या कडेला. जाताना दोनेक तास जास्त मोडतात, तरी नेतो, कारण ग्रँड कॅन्यन म्हणून आपण लहानपणापासून जी चित्रं बघितली ती बहुतेक तिथलीच. मॅथर पॉइंटला काकू कठड्याला धरून किती वेळ उभ्या होत्या ते तुम्हीच बघितलंय, फोटोही तुम्हीच काढलेत. दोन्हीकडं ‘ग्रँड कॅन्यन’ एवढंच छापतात आणि माणसं दर तुलनेला घेतात. टूर ठरवणाऱ्या प्रत्येकानं कुठली रिम ते आधी विचारावं, आमच्याकडंही आणि दुसरीकडंही.

राहिला अपमान. इथं मात्र मला तुमच्याशी भांडायचंच आहे.

हा नियम कातडी बघत नाही आणि पासपोर्टचा रंगही बघत नाही. तिथं राहता की नाही, एवढंच बघतो. तुमच्या मुलाचा पासपोर्ट अजून भारताचाच आहे ना? तरी तिथल्या राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स दाखवून त्याला ८० डॉलरचा रहिवाशांचा पास मिळतो. जपानात हिमेजीच्या किल्ल्यानं तर आणखी पुढची पायरी गाठली. आधी परदेश्यांनाच जादा दर लावायचा विचार होता, पण मार्च २०२६ पासून त्या शहरात राहणाऱ्याला १००० येन आणि बाहेरच्या सगळ्यांना, मग तो टोकियोचा का असेना, २५०० येन असं ठरलं.

आणि आपण काय करतो? वेरूळला तुम्ही-आम्ही ४० रुपयांत आत जातो, परदेशी माणूस ६०० मोजतो. ताजमहालला आपल्याला ५०, त्याला ११००. तुम्ही आमच्याबरोबर भूतानला आला होता. तिथं इतर देशांच्या पर्यटकाला रात्रीचे १०० डॉलर भरावे लागतात, आपल्याला १२०० रुपये. पारोच्या हॉटेलात बसून आपल्यापैकी कुणालाही तो त्या गोऱ्या जोडप्याचा अपमान वाटला नव्हता. मग आपली पाळी आली की अपमान कसा?

मला स्वतःला हे दोन दर न्याय्य वाटतात, आणि ते मी राधानगरीकडं बघून म्हणतो. राधानगरी तालुक्यातलं दाजीपूरचं अभयारण्य १९५८ सालचं, राज्यातलं सगळ्यात जुनं. २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर राधानगरी आणि चांदोली जागतिक वारशाच्या यादीत गेले. जग येऊन कौतुक करतं. पण गवा रात्रीचा उसात शिरतो तो राधानगरी-भुदरगडच्या शेतकऱ्याच्या. डिसेंबर २०२१ मध्ये तर तो कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आला आणि एक तरुण पोरगा जिवानिशी गेला. जंगल राखायची किंमत तिथला माणूस पिकातून, करातून, कधी जिवातून वर्षभर भरत असतो. त्याच्या पोराला त्या जंगलात स्वस्तात जाता आलंच पाहिजे, आणि विमानानं येऊन दोन दिवसांत बघून जाणाऱ्यानं चार पैसे जास्त टाकावेत. जे मी दाजीपूरबद्दल म्हणतो तेच ग्रँड कॅन्यन ज्या राज्यात आहे त्या ॲरिझोनातल्या माणसाला नाकारू कसं? त्याच्या करावर ते पार्क चालतं. आणि तिथल्या कायद्याप्रमाणं गेटवर जमलेल्या पैशातला निदान ८० टक्के भाग त्याच पार्कात खर्चायचा असतो, रस्त्यांना, पाण्याला, संडासांना. साऊथ रिमचे संडास स्वच्छ होते, हे तुमच्याच रिव्ह्यूत आहे.

म्हणजे अमेरिकेनं सगळं बरोबर केलं असंही नाही. नोव्हेंबरच्या शेवटी जाहीर करून जानेवारीला लागू, हे चूकच. परदेशातून येणारा माणूस सहा-सहा महिने आधी पैसे भरतो, त्याला निदान एक हंगाम द्यायला हवा होता. दुसरं, नेहमीचं तिकीट सात दिवस चालतं. आठवडाभर डोंगर पालथे घालणाऱ्याला १०० आणि बसमधून उतरून दुपारपर्यंत परतणाऱ्या सत्तरीच्या माणसालाही १००, हे मला पटत नाही. तिथल्या ज्या कंपनीमार्फत आम्ही बस घेतो, तिला हे लेखी कळवलंय. जादा दर असावा, पण एवढा आणि असा नसावा, हे माझं मत.

एक वाचक खाली विचारतायत, ‘मग सगळं पॅकेजमध्येच का घालत नाही?’ घालता येतं. पण मग उद्या शुल्क कमी झालं तर तो फरक प्रवाशाला दिसणार नाही, आमच्या खिशात जाईल. म्हणून आमच्या दरपत्रकात पार्कचं शुल्क वेगळ्या ओळीत असतं आणि तसंच राहील. तुमचे ४०० डॉलर परत करणार नाही, ते आमच्याकडं नाहीतच.

जाता जाता एक कामाचं. परतीच्या विमानात काकू म्हणत होत्या, यलोस्टोन राहिलं. पुढच्या वेळी मुलाकडं जाल तेव्हा त्यासाठी टूर घेऊ नका, आमचीही नको. मुलाच्या गाडीतून जा आणि त्याला रहिवाशांचा पास मिळत नसेल तर तुमच्या नावानं २५० डॉलरचा काढा. तुम्ही दोघं आणि गाडीतले बाकीचे त्यात येतात आणि वर्षभर बाकीची पार्कंही होतात. ऑनलाइन मिळतो, फक्त पासवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एकच ठेवा, गेटवर दोन्ही बघतात. आणि मे ते ऑक्टोबरच्या आत जा, पुढं बर्फामुळं आतले बहुतेक रस्ते बंद होतात. काही अडलं तर ऑफिसात फोन करा, त्याचे पैसे लागत नाहीत.

आपला,
मालक, शाहूपुरी ऑफिस, कोल्हापूर