म्हणे, मतदान घेऊन देव केला!

मावशीचा फोन शनिवारी रात्री आला. आवाज पडलेला. "अरे, ते मतदान झालं होतं म्हणतात, ते खरं का?" कुठलं मतदान? मग तिने तिच्या ग्रुपवर आलेला मजकूर मला पुढे ढकलला. तोच तो. याआधी चार वेळा माझ्याकडे आला होता आणि चारही वेळा मी तो वाचून सोडून दिला होता. या वेळी सोडवेना. सकाळी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उभं राहून ती मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचा कबुलीनामा, म्हणणार, "देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश", आणि डोक्यात हे फिरत राहणार.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. पहिली तीनशे वर्षं येशूला कोणी देव मानत नव्हतं, तो फक्त एक गुरू होता. इ.स. 325 मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसियाला (आजच्या तुर्कस्तानातलं एक शहर) बिशपांची परिषद भरवली आणि निसटत्या बहुमताने त्याला 'देवाचा पुत्र' करून टाकलं. सोयीची शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनाची पुस्तकं, तिथेच निवडली, बाकीची जाळली. आणि मुळात सगळी कथाच जुन्या दैवतांवरून उचललेली.

येशू देव आहे की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न. त्यावर मी इथे भांडत नाही. लोक त्याला देव कधीपासून मानू लागले, हा मात्र इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर आहे.

"तीनशे वर्षं कोणी देव मानत नव्हतं"

प्लिनी नावाचा रोमन अधिकारी होता. कायद्याचा माणूस, आणि ख्रिस्ती तर मुळीच नव्हे. इ.स. 112 च्या सुमारास तो काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया-पाँटस प्रांताचा कारभार पाहत होता. ख्रिस्ती म्हणून लोक त्याच्यापुढे आणले जायला लागले आणि यांचं करायचं काय, हे त्याला कळेना. म्हणून त्याने सम्राट ट्राजनला पत्र लिहिलं. ते पत्र आज आपल्याला वाचायला मिळतं, ट्राजनच्या उत्तरासकट.

पत्रात तो आपली पद्धत सांगतो. आरोपीला तीनदा विचारायचं, ख्रिस्ती आहेस का? हो म्हणत राहिला तर शिक्षा. नाही म्हणाला तर सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि मद्य वाहायला लावायचं, ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायला लावायचे. काहींनी ते केलंही. आम्ही ख्रिस्ती होतो पण केव्हाच सोडलं, असं सांगणारे त्यांच्यात होते, कोणी तर वीस वर्षांपूर्वी सोडलेलं. त्यांनी कबूल केलेला 'गुन्हा' काय? ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमायचं, आणि ख्रिस्ताला, *एखाद्या देवाला म्हणावं तसं*, आळीपाळीने स्तोत्र म्हणायचं. चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, अशी शपथ घ्यायची. मग पुन्हा जमून साधं जेवण घ्यायचं.

एवढ्यावर प्लिनीचं समाधान झालं नाही. खरं काय ते काढायला त्याने दोन दासींचा छळ करवला. या दासींना मंडळीत 'सेविका' म्हणत, असं तोच लिहितो. हाती काय लागलं? त्याच्या मते, नुसती अतिरेकी अंधश्रद्धा.

आता हिशोब करा. 112 आणि 325 यांच्यात 213 वर्षांचं अंतर आहे. कॉन्स्टंटाइनच्या आज्याचाही तेव्हा जन्म झाला नव्हता. आणि हे लिहिणारा माणूस येशूची थोरवी वाढवायला बसलेला नाही, तो वरिष्ठाला अहवाल देतोय.

हवं तर आणखी मागे जा. सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल याचं फिलिप्पैकरांस पत्र (बायबलमधलंच) येशूच्या मृत्यूनंतर साधारण तीस वर्षांच्या आतलं. त्यात तो म्हणतो की येशू देवाच्या स्वरूपाचा होता, आणि त्याच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल. हे गुडघा टेकण्याचे शब्द यहूद्यांच्या पवित्र शास्त्रातल्या यशयाच्या ग्रंथातले आहेत आणि तिथे देव ते स्वतःबद्दल बोलतो. यहूदी घरात वाढलेला माणूस ते उचलून येशूला लावतो, ही काय साधी गोष्ट झाली?

"निसटत्या मतांनी देव केला"

हा सगळ्यात हास्यास्पद मुद्दा. 2003 सालच्या एका भरपूर खपलेल्या इंग्रजी कादंबरीने तो घरोघरी पोचवला आणि लोक कादंबरीला इतिहास समजून बसले. नायसियाला किती बिशप होते? परिषदेला हजर असलेला युसेबियस अडीचशेहून जास्त सांगतो, परंपरा 318 म्हणते. शेवटपर्यंत सही न करणारे दोन. याला निसटतं म्हणायचं असेल तर बोलणंच खुंटलं.

शिवाय वाद 'देव की माणूस' असा नव्हताच. ज्याच्यावरून हे सगळं पेटलं तो धर्मगुरू आरियसही पुत्राला, म्हणजे येशूला, साधा माणूस मानत नव्हता. पुत्र सृष्टीच्या आधीचा, सगळ्यांहून श्रेष्ठ, पण पित्याने निर्माण केलेला, असं त्याचं म्हणणं. परिषद म्हणाली, निर्माण केलेला नव्हे, पित्याशी एकतत्त्व. दोन्हीकडचे लोक ख्रिस्ताची भक्तीच करत होते.

बरं, एक कबूल करतो. परिषद सम्राटाने बोलावली, तो स्वतः तिथे बसला, आणि न ऐकणाऱ्यांना त्याने हद्दपार केलं. 'एकतत्त्व' हा शब्दही बायबलमध्ये कुठे नाही. सत्तेचा हात होता, नाही कोण म्हणतंय? पण हा जर त्याचा कट असेल तर फार गबाळा कट म्हणायचा. पुढे त्यानेच आरियसला परत बोलावलं. नायसियाची बाजू लढवणाऱ्या अथानासियसला 335 मध्ये त्यानेच हद्दपार केलं. आणि 337 मध्ये मरणाच्या दारात बाप्तिस्मा घेतला तो निकोमीडियाच्या बिशपाकडून, म्हणजे आरियसच्या जुन्या पाठीराख्याकडून! नायसियाचं म्हणणं पक्कं बसायला 381 ची कॉन्स्टँटिनोपलची परिषद उजाडावी लागली.

"शुभवर्तमानं निवडली, बाकीची जाळली"

नायसियाचे वीस नियम उपलब्ध आहेत. एकातही पवित्र शास्त्रात कुठली पुस्तकं घ्यायची याचा विषय नाही. जाळण्याचा हुकूम मात्र निघाला होता, तो आरियसच्या लिखाणाबद्दल. ते चूकच. पण म्हणून त्यावर शुभवर्तमानांची होळी रचायची?

"जुन्या दैवतांवरून उचललं"

25 डिसेंबर ही तारीख जुन्या दैवतांची, वगैरे. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागात, जन्माची तारीखच नाही, मग चोरली कुठून? सण कधी पडला हा एक विषय, येशूला देव कधी मानलं हा दुसरा.

हे सगळं मी मावशीला रविवारी फोनवर सांगितलं, प्लिनीचं पत्र तर जवळजवळ वाचूनच दाखवलं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. मला वाटलं, आता आणखी एखादी शंका काढेल. तिने विचारलं, "त्या दोघी दासींचं पुढे काय झालं रे?"

पत्रात त्यांची नावंसुद्धा नाहीत.