एक रंगवा, एक कोरा ठेवा
स्पीकरच्या कोनवर (थरथरून आवाज काढणाऱ्या शंकूवर) कॅलिग्राफीच्या टाकाने बारीक चौकटींची वलयं रंगवली की आवाज स्वच्छ होतो, असं लेखात म्हटलंय. काम देखणं आहे, वादच नाही. पण कागदी कोन पाणी पितो. रंग जास्त पातळ झाला की चौकटीची कड फुटते. आमच्या नागपुरात मे महिन्यात उलटंच! ४५ डिग्रीला अ‍ॅक्रिलिक रंग निबच्या चिरेतच वाळतो, दर दोन-चार चौकटींनी ओल्या फडक्याने पुसत बसा. रंगाच्या वजनाने कोनचा रेझोनन्स (ज्या वारंवारतेला तो आपसूक जास्त थरथरतो ती) थोडा खाली येतो, एवढं नक्की. बाकीचा फरक कानाचा की मनाचा? लेखकभाऊ, बर्डीच्या बाजारातून दोन साधे कागदी वूफर (खर्जाचे स्पीकर) आणा, एकच रंगवा आणि दोन्हींच्या आवाजाचे आधीचे-नंतरचे आलेख टाका. आधीचे पाहिजेतच, कारण कोरी जोडीसुद्धा तंतोतंत सारखी नसते.