टेबलच्या सेलमागे चित्र बसतं, आणि नेमकं बसतं

लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून छपाईची पानं तयार करणाऱ्या प्रणालीत, मराठी मजकूर जुळवणाऱ्यांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो साधारण असा: 'टेबलच्या सेलमागे नक्षी किंवा चित्र टाकायचं असेल तर लाटेकच्या नादी लागू नका. सेल पानावर कुठे पडणार हे त्याला माहीतच नसतं. टाकायचंच असेल तर आधी पीडीएफ काढा, मिलिमीटर मोजा, ते आकडे घालून चित्र वरून चिकटवा आणि पारदर्शक करा. यासाठीची पॅकेजं (लाटेकला जोडायची साधनं) दोन-तीनदा कंपाइल करायला, म्हणजे मूळ फाइलीतून पीडीएफ बनवायला लावतात, म्हणजे ती कच्ची आहेत. देवनागरीत तर हे विसराच. वर्ड किंवा इनडिझाइनमध्ये हेच एका क्लिकचं काम आहे.'

या सल्ल्यात प्रत्येक मुद्द्यामागे थोडं खरं आहे, म्हणून तो टिकलाय. पण त्यावरून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि त्यांच्यामुळे चांगली, देखणी कामं लोक सुरू करण्याआधीच सोडून देतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'सेल कुठे पडणार हे माहीतच नसतं.' सेल जुळत असताना माहीत नसतं, हे बरोबर. डोनाल्ड क्नूथ यांनी टेक (लाटेक ज्यावर उभं आहे ती मूळ प्रणाली) घडवलं तेव्हापासून त्याची रीतच अशी आहे की टेबल पूर्ण वाचून झाल्याशिवाय रकान्यांची रुंदी ठरत नाही. शेवटच्या ओळीतला एखादा लांब शब्द पहिल्या ओळीतल्या सेललाही रुंद करतो. पुढे ते अख्खं टेबल कोणत्या पानावर जाणार, हे त्याहून उशिरा ठरतं, कारण टेक पानापेक्षा जास्त मजकूर गोळा करतं आणि मग कुठे तोडायचं ते पाहतं. पण पान बाहेर पडण्याच्या क्षणी प्रत्येक गोष्टीची जागा पक्की झालेली असते, आणि त्या क्षणी ती विचारता येते. टेकच्या आजच्या अवतारांपैकी पीडीएफटेकमध्ये त्यासाठी मुळातच आज्ञा आहे, झीटेक आणि लुआटेकमध्येही आहे. हवी तिथे खूण ठेवायची. पान बाहेर पडताना त्या खुणेचा आडवा-उभा निर्देशांक मिळतो आणि तो ऑक्स फाइलीत, म्हणजे पुढच्या फेरीत वाचायच्या नोंदींच्या फाइलीत, लिहून ठेवता येतो.

हा निर्देशांक किती बारीक असतो, तेही पाहा. टेकचं सर्वांत लहान माप म्हणजे एका पॉइंटचा ६५,५३६ वा भाग. एका इंचात ७२.२७ पॉइंट, म्हणजे हे माप साधारण ५ नॅनोमीटर भरतं, दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही कितीतरी लहान. ज्या प्रणालीकडे इतकी बारीक नोंद आहे तिच्या पीडीएफवर पट्टी ठेवून मिलिमीटर मोजायचे, हे मला खरोखर पटत नाही.

आणि मोजलेले आकडे टिकत नाहीत, हा खरा तोटा. दिनदर्शिकेचं पान घ्या: वार वर आडवे, रविवारपासून, खाली आठवडे. ऑगस्ट २०२६ शनिवारी सुरू होतो आणि ३१ दिवसांचा आहे, म्हणून त्याला सहा ओळी लागतात. त्याच वर्षीचा फेब्रुवारी रविवारी सुरू होऊन २८ तारखेला शनिवारी संपतो. त्याचं काम चार ओळींत भागतं. आता १५ ऑगस्टच्या सेलमागे फिकट तिरंगी पट्टे हवे आहेत. २०२६ मध्ये ती तारीख शनिवारी, अगदी उजव्या टोकाला. २०२७ मध्ये रविवारी, अगदी डाव्या टोकाला. शिवाय २०२७ चा ऑगस्ट पाचच ओळींत बसतो, म्हणजे पानाची उंची तीच ठेवली तर प्रत्येक ओळ उंच होणार. मोजून घातलेले सगळे आकडे वाया गेले. असे सण, जयंत्या, सुट्ट्या धरून बारा पानांवर हे करायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

याउलट सेललाच विचारलं तर काय होतं? फ्रान्स्वा पांतिन्यी यांचं नाइसमॅट्रिक्स पॅकेज टेबलमधल्या आडव्या आणि उभ्या रेघांच्या जागांना क्रमांक देतं, रेघा प्रत्यक्ष काढलेल्या असोत वा नसोत. वारांची ओळ पहिली धरली तर १५ ऑगस्ट २०२६ चं सेल चौथ्या ओळीत, सातव्या रकान्यात येतं. त्याचा वरचा डावा कोपरा म्हणजे चौथी आडवी आणि सातवी उभी रेघ जिथे भेटतात ती जागा. खालचा उजवा कोपरा म्हणजे पाचवी आणि आठवी. टिकझेड या चित्रं काढण्याच्या पॅकेजमध्ये हे दोन कोपरे देऊन आधी आयत कापून घ्यायचा आणि चित्र त्याच्या मध्यावर ठेवायचं. चित्र सेलपेक्षा मोठं असलं तरी बाहेर सांडत नाही. रुंदीही त्या दोन कोपऱ्यांमधल्या अंतरावरूनच काढता येते. २०२७ साठी उभ्या रेघांचे आकडे ७ आणि ८ चे १ आणि २ करायचे, बस्स. तारखेवरून ओळ आणि रकाना काढणारी छोटी आज्ञा लिहिली तर तेवढंही करावं लागत नाही.

'दोन-तीनदा कंपाइल करावं लागतं, म्हणजे पॅकेज कच्चं.' अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे पहिल्या फेरीत येतात का? 'पाहा पृष्ठ अमुक' हा संदर्भ येतो का? लाटेक वापरणारा प्रत्येक जण ते दुसऱ्या फेरीत मिळवतो आणि त्याला कोणी दोष म्हणत नाही. सेलची जागा ही त्याच जातीची माहिती: पान बाहेर पडल्यावर कळणारी, पण त्याआधी लागणारी. पहिल्या फेरीत ती ऑक्स फाइलीत जाते, दुसऱ्या फेरीत वाचली जाते. किती फेऱ्या लागतील ते लाटेकएमके हे साधन स्वतः पाहून तितक्यांदा चालवतं. मोजत बसण्याचं कारण नाही. वेबपानावर एचटीएमएल टेबलमागे चित्र एका ओळीत टाकता येतं, ते खरं आहे. पण तिथेही ब्राउझर आधी सगळ्या टेबलचा हिशेब करतो आणि मगच रंगवायला घेतो. तो हे स्मृतीत करतो म्हणून आपल्याला दिसत नाही, इतकंच. वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या नियमांत तर टेबलमागे एकावर एक सहा थर स्पष्ट सांगितले आहेत: तळाला टेबल, मग रकान्यांचे गट, रकाने, ओळींचे गट, ओळी आणि सर्वांत वर सेल. ही मांडणी मला फार आवडते, कारण पुढच्या मुद्द्याचं सार तिच्यात आहे.

तो मुद्दा म्हणजे 'चित्र वरून चिकटवा आणि पारदर्शक करा'. सगळ्या सल्ल्यात सर्वाधिक नुकसान करणारा भाग हाच, म्हणून इथे थोडा थांबतो.

पीडीएफचं पान रंगवण्याची पद्धत साधी आहे: जे आधी लिहिलं ते खाली, जे नंतर लिहिलं ते वर. आधी रांगोळी काढायची आणि मग पाट मांडायचा, तसं. तेव्हा 'मागे' म्हणजे 'आधी', दुसरं काही नाही. नाइसमॅट्रिक्समध्ये त्यासाठी टेबलच्या मजकुराआधी एक वेगळा भाग असतो, कोडबिफोर नावाचा. त्यात जे लिहाल ते टेबलच्या अक्षरांआधी आणि रेघांआधी पीडीएफमध्ये उतरतं. पारदर्शकतेची गरजच उरत नाही.

वरून चिकटवलेल्या चित्राचं काय होतं? समजा, चित्राची अपारदर्शकता २० टक्के ठेवली. स्क्रीनवर ठीक दिसतं. पण खालचं अक्षर आता शंभर टक्के काळं राहिलेलं नाही. ते ऐंशी टक्के काळं आणि बाकी चित्राच्या रंगाचं मिश्रण झालंय. चार रंगांच्या ऑफसेट छपाईत शुद्ध काळं अक्षर एकाच प्लेटवरून उतरतं आणि धारदार येतं. मिश्रण झालेलं अक्षर निळ्या, किरमिजी, पिवळ्या प्लेटांवरही जातं, आणि काळ्या प्लेटवर ते जाळीच्या ठिपक्यांनी बनतं. प्लेटा केसभर हलल्या तरी अक्षराच्या कडेला रंगीत झालर दिसते. तिथीच्या बारीक अक्षरांतले रफार आणि अनुस्वार यात पहिले बळी जातात. 'मल्टिप्लाय' मिश्रण (ज्यात वरचा रंग खालचा रंग फक्त गडद करतो) वापरलं तर काळं काळंच राहतं, हे मान्य. पण जे क्रम बदलून फुकट मिळतं त्यासाठी पारदर्शकता कशाला? काही छापखाने पीडीएफ-एक्स-१ए या छपाईसाठीच्या प्रमाणित प्रकारची फाइल मागतात, आणि त्या प्रकारात पारदर्शकता चालतच नाही. चित्र फिकं हवं असेल तर ते मुळातच फिकं करून घ्यावं आणि सर्वांत आधी रंगवावं.

याच क्रमातून आणखी एक जुनी तक्रार सुटते. दोन-तीन ओळी मिळून एक सेल केलं आणि ओळींना रंग दिला की मधला मजकूर अर्धा गायब होतो. यालाही लोक लाटेकचा बग म्हणतात. प्रत्यक्षात डेव्हिड कार्लाइल यांचं कलरटीबीएल हे टेबल रंगवण्याचं पॅकेज प्रत्येक ओळीचा रंग ती ओळ येते तेव्हा भरतं. मल्टिरोचा, म्हणजे ओळी जोडून केलेल्या सेलचा, मजकूर पहिल्या ओळीत लिहिलेला असतो, दुसऱ्या ओळीचा रंग नंतर येतो आणि त्याच्यावर बसतो. म्हणून जुने लोक तो मजकूर शेवटच्या ओळीत लिहून, ओळींची संख्या उणे देऊन वर चढवत असत. उपाय चालतो, पण सगळे रंग आधी भरून घेतले तर मुळात अडचणच येत नाही. टेबलमधल्या बारीक रेघा काही पीडीएफ वाचकांत रंगाखाली पुसट होतात, त्याचंही मूळ हेच: रेघ आधी आणि शेजारच्या सेलचा रंग नंतर.

एक सावधगिरी मात्र हवी. सेलमागे चित्र टाकलं आणि त्याच सेलला वेगळ्या आज्ञेने रंगही भरला, तर रंग चित्राच्या नंतर उतरून ते झाकू शकतो. चित्र दिसत नाही म्हणून जागा चुकली असं वाटतं आणि माणूस निर्देशांक तपासत बसतो. आधी रंग तपासा.

'देवनागरीत हे विसराच.' हा मुद्दा मला सर्वांत जास्त लागतो, कारण नेमकं देवनागरीसाठीच हे तंत्र सर्वाधिक उपयोगाचं आहे. लाटेक टेबलच्या प्रत्येक ओळीला किमान उंची देतं: ओळींमधल्या अंतराच्या सत्तर टक्के वर आणि तीस टक्के खाली. रोमन अक्षरं त्यात आरामात बसतात, त्यामुळे इंग्रजी टेबलच्या ओळी बहुधा सारख्या येतात आणि मोजलेले आकडे निभावून जातात. आपल्याकडे 'दशमी' लिहिलं तर वर वेलांटी, खाली काही नाही. 'चतुर्थी' लिहिलं तर वर रफार आणि वेलांटी एकत्र, आणि खाली उकार. 'द्वादशी'तलं जोडाक्षर कित्येक फॉन्टांत खाली उतरतं. ज्या आठवड्यात चतुर्थी आली ती ओळ शेजारच्या ओळीपेक्षा किंचित उंच होते. हा फरक प्रत्येक महिन्यात वेगळ्या ओळीत पडतो आणि खाली खाली साठत जातो. म्हणून मोजून लावलेला पट्टा वरच्या ओळीत जुळतो आणि पाचव्या ओळीत सरकलेला दिसतो. यावरून 'देवनागरीत जमत नाही' असा निष्कर्ष काढणं चूक आहे. जमत नाही ते मोजमाप. सेलचे कोपरे विचारून घेतले की ओळ कितीही वाढो, चित्र तिच्याबरोबर वाढतं. झीलाटेक आणि लुआलाटेक, म्हणजे ज्यांत आपण युनिकोड देवनागरी जुळवतो ते दोन्ही, ही माहिती देतात. ओळीच नेटक्या दिसाव्यात म्हणून सेलच्या वर-खाली किमान मोकळी जागा राखण्याची सोय नाइसमॅट्रिक्समध्ये आहे, ती जरूर वापरावी. म्हणजे उकार रेघेला चिकटत नाही.

'वर्ड-इनडिझाइनमध्ये एका क्लिकचं काम.' एका सेलपुरतं, एकदाच करायचं असेल तर खरंच सोपं आहे आणि तसं करण्यात काही कमीपणा नाही. वर्डमध्ये चित्र 'मजकुरामागे' ठेवता येतं, पण ते परिच्छेदाला बांधलेलं असतं. सेल वाढलं म्हणून ते आपोआप वाढत नाही. इनडिझाइनमध्ये २०१५ पासून ग्राफिक सेल आलं, पण ते चित्र ठेवण्यासाठीचं सेल आहे. चित्र आणि त्यावर टेबलचा मजकूर हवा असेल तर बहुतेक जण टेबलमागे वेगळी फ्रेम ठेवतात, म्हणजे पुन्हा हाताने जुळवणं आलं.

या रीतीला मर्यादा आहे ती दुसरीकडे, आणि त्या सल्ल्यात तिचा उल्लेखही नाही. नाइसमॅट्रिक्सचं टेबल पानांवर तुटत नाही. दिनदर्शिकेला त्याने फरक पडत नाही, पण चार पानं चालणारी सभासदांची यादी असेल आणि तिच्यातल्या काही ओळींमागे वेल हवी असेल, तर लाँगटेबल हे पानांवर तुटणाऱ्या टेबलांचं पॅकेज वापरावं लागतं आणि जागांची नोंद स्वतः ठेवावी लागते. हव्या त्या ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या सेलमध्ये खूण ठेवायची, खुणेबरोबर पानाचा क्रमांकही नोंदवायचा, आणि ऑक्टोबर २०२० पासून लाटेकच्या गाभ्यात आलेल्या पानाच्या पार्श्वभूमीच्या हुकमधून (पान तयार होताना आपली आज्ञा चालवण्याच्या ठरलेल्या जागेतून), त्या पानापुरतंच, वेलीचं चित्र काढायचं. हुक पानाच्या मजकुराआधी चालतो, त्यामुळे वेल आपोआप मागे जाते. खूण फक्त बेसलाइनची (अक्षरं ज्या अदृश्य रेषेवर बसतात तिची) जागा सांगते, ओळीची उंची सांगत नाही. म्हणून ओळीच्या वरच्या कडेसाठी आणि खालच्या कडेसाठी वेगळ्या खुणा ठेवाव्या लागतात, नाहीतर 'चतुर्थी'सारख्या शब्दाचा उकार वेलीच्या पट्ट्याबाहेर लोंबतो.