पर्शियन बोका घेताय? मग मे महिन्यातच घ्या

पर्शियन बोक्याचं पिल्लू घ्यायचं ठरलंय ना, मग थांबू नका भो, मे महिन्यातच घ्या. जळगावात पारा ४५ वर गेला की अंगभर लोकरीसारखे केस असलेलं जनावर घरात आणायची मजाच वेगळी. विकणारा म्हणेल "ट्रिपल कोट, पंच फेस", तुम्ही नुसती मान डोलवायची. ट्रिपल कोट म्हणजे केस भरपूर दाट, आणि पंच फेस म्हणजे नाक इतकं आत दाबलेलं की डोळ्यातल्या पाण्याला उतरायला धड वाट नाही, मग ते गालावर ओघळून तपकिरी पट्टे पडतात आणि सकाळी चहाच्या आधी तुम्ही कोमट पाण्यात कापूस बुडवून ते पुसत बसता. कापसाची आपल्याकडे कमी नाहीच, भाव नसला तरी.

पिल्लू ४५ दिवसांचंच उचला. १२ आठवडे आईजवळ राहू द्यावं म्हणतात, पण तोवर स्टेटसला काय टाकणार? आणि आईबापाची किडनीची जीन टेस्ट झालीये का, असं चुकूनही विचारू नका. या जातीत किडनीत पाण्याच्या गाठी होणारा आजार पिढीजात येतो, आई किंवा बाप एकाकडून आला तरी पुरतो, पण विचारलं की विकणाऱ्याचा मूड जातो ना.

घर माळकरी असेल तर फारच उत्तम. आमच्या आजीने तीन दिवस म्हशीच्या दुधात कळण्याची भाकरी कुस्करून घातली, चौथ्या दिवशी अख्खी ओसरी धुवावी लागली. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांसातून मिळतं, नाही मिळालं तर डोळे आणि हृदय दोन्हीवर येतं. हे तुळशीची माळ घातलेल्या आजीला समजावून सांगा, मी प्रयत्न करून दमलो.

आता नरच का, तर पिल्लांची कटकट नको म्हणून. तो फक्त वयात आला की शेपूट ताठ करून, थरथरवत, मागे सरकतो आणि लघवीचा फवारा मारतो. आमच्याने काकांची कापसाची गंजी निवडली. डॉक्टर म्हणाले पाचसहा महिन्यांचा झाला की ऑपरेशन करून टाका, तर ज्यांचा कापूस भिजला तेच काका उखडले, "काय करू राहिले भो तुम्ही, बोक्याचं बोकेपणच काढता का!" जणू त्यांचंच करायला घेतलंय. पुढे एकदा तो शी-शूच्या मातीच्या ट्रेमध्ये नुसता बसून कण्हत होता, काकांचं निदान तयार, उष्णता, सब्जा पाजा. नराची लघवीची नळी बारीक, अडली तर दोन दिवसात खेळ खलास, म्हणून भर दुपारी स्कूटीवर बास्केट ठेवून मीच पळालो.

कूलरपुढची जागा त्याची हे तर सांगायलाच नको, कारण तो तोंड उघडून धापा टाकायला लागला की परत डॉक्टर. त्याचे केस उडून कूलरच्या गवतात अडकतात, ते दर रविवारी उपसायचे. लाईट गेली की आजी सुपाने वारा घालते, त्यालाच. आबा तेवढे बाहेर लिंबाखाली बाजेवर. आत या म्हटलं तर म्हणतात, "माझं नाक सरळ आहे बाबा, मला कोण घेतं आत."